पुढची कड मी लाटली, मागची त्याने: फेंडर रोलिंग टूल आणि एका गॅरेजचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईवाले इथूनच सुटतील. फेंडर रोलिंग म्हणजे चाकावरच्या कमानीची आतली कड मुडपणं, टायर घासू नये म्हणून. हात शिवशिवत असतील तर पुढचे दोन फेंडर घरी करा, मागचे दोन पैसे देऊन करून घ्या. मी चारही घरी करायला निघालो होतो, एका टवक्याने शहाणपण आलं. आता सविस्तर.

गाडी पोलो, २०२० ची, १.० टीएसआय, हायलाइन प्लस, रंग कार्बन स्टील ग्रे. सेकंडहँड घेतलीय. आपल्या चाकणला बनलेली, २०२२ ला बंद झाली, त्यामुळे आता पोलोवाले एकमेकांना सिग्नलला बघून मान हलवतात तसली भावनिक भानगड आहे. कंपनीचे टायर १९५/५५ आर१६. मी काय केलं, एका मित्राने अलॉय काढले विकायला, १७ इंच, साडेसात रुंद, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा) ३५, त्यावर २०५/४५ टायर, आणि सोबत लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी साधारण ३५ मिमी खाली बसवली. टायरची उंची मी मोजून घेतली होती बरं का, जुन्याची ६२१ मिमी आणि नव्याची ६१६, म्हणजे उंचीत काही प्रॉब्लेम नाही, उलट पाच मिमी कमीच. मी खूश. रुंदीचा हिशोब मात्र कुणी करायचा?

रिम एक इंच जास्त रुंद घेतली की अर्धा इंच आत जातो आणि अर्धा बाहेर, म्हणजे १२.७ मिमी बाहेर, हे झालं नुसत्या रुंदीचं. वर ऑफसेट जेवढ्या मिमीने कमी, तेवढं चाक अजून बाहेर सरकतं. गाडी रिकामी असताना कळत नाही, एकटा फिरतो तेव्हा तर झकास दिसते, फोटो काढा, स्टेटसला टाका. मग एका गुरुवारी आई, बाबा, बायको आणि पोरगी असे सगळे नारायणपूरला दत्ताला निघालो. दिवे घाट चढेपर्यंत ठीक, सासवडच्या अलीकडे एक रंग न दिलेला स्पीडब्रेकर आला आणि मागून खर्रर्रर्र. बाबा म्हणाले, टायर फाटलं का रे? उतरून बघितलं तर मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर गोल रेघ, पेन्सिल शार्पनरमधून काढल्यासारखी रबराची साल निघालेली. दर्शन होईपर्यंत माझं अर्धं लक्ष पार्किंगमध्ये. परत येताना बाबांना पुढे बसवलं, आणि प्रत्येक ब्रेकरवर गाडी तिरकी घेत, मागच्यांचे हॉर्न खात घरी आलो.

घासतं कुठे ते आधी समजून घ्या. चाकावरची जी कमान असते तिचा पत्रा खालच्या टोकाला आत काटकोनात वळवलेला असतो, साधारण करंगळीच्या नखाएवढी कड. बाहेरून दिसत नाही, हात घातला की लागते. चाक वर आलं की टायरचा खांदा आधी ह्या कडेला भेटतो. रोलिंग म्हणजे ती कड वर आतल्या बाजूला मुडपून सपाट करायची, करंजीची कड मुडपतो ना, तसंच, फक्त सारण आत टायर आहे. बाहेरून गाडी होती तशीच दिसली पाहिजे. पुलिंग वेगळं, त्यात सगळी कमानच बाहेर खेचतात, ते आपल्याला नको होतं. अमेरिकेत पूर्वी (अजूनही करतात काही जण) टायर आणि कमानीच्या मध्ये बेसबॉलची बॅट घालून गाडी पुढेमागे ढकलायचे. मी हे घरी सांगितलं तर आईने लाटणं लपवलं.

टूल: ऑनलाइन मागवलं, बिनब्रँडचं, ७,८०० रुपये. ईस्टवूड वगैरे नावाजलेलं मागवायचं तर शिपिंग आणि ड्युटी धरून परवडत नाही, म्हणून हे. प्रकार सोपाय. एक जाड प्लेट, ती चाक काढून हबवर (चाक जिथे बसतं त्या भागावर) बसवायची, तिच्यातून एक हात निघतो, लांबी कमीजास्त होणारा, त्याच्या टोकाला पॉलियुरेथेनचा रोलर, आणि रोलरचा कोन बदलायला एक नॉब. हात कमानीखालून डावीउजवीकडे फिरवायचा, दर फेरीला थोडा दाब आणि थोडा कोन वाढवायचा. हात चांगला जड आहे, वाकत नाही, रोलरही मस्त आहे, माझ्याकडे चार महिन्यांत चार गाड्या झाल्या त्याच्यावर (सांगतो पुढे), रोलरला खाच नाही.

पण प्लेट म्हणजे डोक्याला ताप. त्यात सगळ्या पीसीडीला (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचं माप) चालतील म्हणून लांबट खाचा आहेत, आणि माझ्या ५ बाय १०० ला दोन खाचा नीट जुळेनात, कानस घेऊन घासत बसलो अर्धा तास. दुसरं म्हणजे पोलोला हबवर स्टड (बाहेर आलेले आट्यांचे दांडे) नसतात, फोक्सवॅगनला बोल्ट असतात, चाक बोल्टने बसतं. आता चाकाचा बोल्ट बनवलाय जाड अलॉयमधून आत जायला, प्लेट त्यामानाने पातळ, मग तो बोल्ट हबच्या पार मागे बाहेर येतो. वर बोल्टचं डोकं खालून गोलसर, सपाट प्लेटवर बसतच नाही नीट. नाना पेठेत जाऊन जाड वॉशर आणले, प्रत्येक बोल्टला तीन, तेव्हा कुठे प्लेट घट्ट झाली. होंडा, मारुतीवाल्यांना स्टड असतात, त्यांना हा त्रास नाही, सरळ नट लावा आणि चला. टूलच्या बॉक्सवर यातलं एक अक्षर नाही. सूचनांचा कागद होता, चिनीत.

हीट गन १,९०० ची, ती ठीक आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू केलं. पुढून सुरुवात, उजवी बाजू. चाक काढलं, गाडी घोडीवर, म्हणजे खालून टेकू देणाऱ्या स्टँडवर, घेतली (नुसत्या जॅकवर कृपया करू नका, रोलरला जोर लावताना गाडी हलते), आतलं प्लास्टिकचं लायनर कडेपासून सोडवलं. इथेच पहिली गंमत कळली, लायनरचा एक टॉर्क्स स्क्रू कडेतून खाली डोकावत होता आणि टायरवर घासल्याची रेघ बरोब्बर त्याच्या जागी होती. म्हणजे पुढे मुळात कडेपेक्षा स्क्रूच आधी लागत होता. तो काढून कडेवर चपटी क्लिप लावली तरी अर्धं काम झालं असतं. पण आता टूल आलंय म्हणल्यावर कोण थांबतंय.

पेंट गरम केल्याशिवाय रोल करायचं नाही हा पहिला नियम. थंड पेंट काचेसारखा, वाकवला की तडकणार. गरम केला की थोडा नरम होऊन पत्र्याबरोबर वाकतो. किती गरम? हात ठेवून तीन सेकंदांच्या वर ठेवता येऊ नये इतपत, आणि फोड येतील इतका नाही. मला अचूक आकडा पाहिजे होता म्हणून कोविडमध्ये घेतलेली ती कपाळावर धरायची थर्मामीटर गन आणली. ती माणसाच्या तापासाठी असते हे विसरलो. ४३ च्या आसपास गेलं की तिच्यावर नुसतं "हाय" येतं. अरे हाय काय, किती ते सांग की! शेवटी हातानेच अंदाज घेतला.

गरम करा, रोलर फिरवा, परत गरम करा, परत फिरवा. घड्याळात दहा वाजल्यापासून दोन वाजेपर्यंत जसा काटा जाईल तेवढाच भाग, पूर्ण कमान नाही. दर वेळी नॉब अगदी थोडा. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत काहीच होत नाही, मग एकदम जाणवतं, रोलरखालचा विरोध कमी होतो आणि कड आत झुकायला लागते, बोट फिरवलं की धार होती तिथे गोलाई लागते. खरं सांगतो, मजा आली. उजव्या बाजूला दीड तास गेला, तडा नाही, लाट नाही, बाहेरून टॉर्च तिरका मारून बघितला, प्रकाशाची रेघ सरळ. खालचे काका वॉकवरून येताना थांबले, म्हणाले, काय रे, पत्रा इस्त्री करतोयस का? म्हणलं हो काका, तुमच्या वॅगनआरची पण करायची का. गेले.

मग डावी बाजू. तेच टूल, तीच हीट गन, आता मी एक्स्पर्ट. सातव्या का आठव्या फेरीला टक् असा आवाज आला, अगदी बारीक, पापड मोडल्यासारखा. हात थांबवला. कमानीच्या बाहेरच्या बाजूला, दिसणाऱ्या बाजूला, केसासारखी रेघ. मी अजून थोडं गरम केलं (चूक) आणि अजून एक फेरी मारली (महाचूक), आणि नखाएवढा टवका उडून खाली पडला. उचलून बघितला तर त्याची जाडी पोस्टकार्डापेक्षा जास्त, वरती ग्रे आणि खाली पिवळट पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी. म्हणजे हा फेंडर आधी ठोकलेला, लांबी भरून मारलेला. आणि मला गाडी विकताना काय सांगितलं होतं, "सर एक पॅनल पण रिपेंट नाही, पूर्ण कंपनी पेंट." टवका अजून ठेवलाय मी, ग्लोव्हबॉक्समध्ये.

सांगायचं एवढंच की कंपनीचा पेंट पातळ असतो, भट्टीत भाजलेला, पत्र्याला धरून राहतो, तो योग्य गरम केला की बऱ्यापैकी साथ देतो. लांबी नाही देत. लांबी म्हणजे वाळलेलं पीठ, ती वाकत नाही, सुटते. टूलचा दोष नाही, माझाही निम्माच. चुंबक लावून बघितलं असतं तर आधीच कळलं असतं, फ्रीजवरचं पातळ चुंबक जिथे धरत नाही तिथे खाली लांबी. हे ज्ञान टवका पडल्यावर आलं.

डावा फेंडर रंगवायला ४,५०० गेले. पण हे लक्षात घ्या, पुढचा फेंडर बोल्टने बसलेला असतो. फारच वाट लावली तर काढा, नवीन आणा, रंगवा, बसवा. मागचा तसा नाही. मागचा म्हणजे क्वार्टर पॅनल, तो गाडीच्या अंगाचाच भाग, वेल्ड केलेला, दारापासून डिकीपर्यंत सलग. तिथे टवका उडाला तर एवढं मोठं पॅनल रंगवावं लागतं, आणि पत्रा वेडावाकडा झाला तर कापाकापी. वर मागची कड दुहेरी असते, बाहेरचा पत्रा आणि आतला व्हीलहाऊसचा पत्रा एकमेकांना स्पॉट वेल्ड केलेले आणि जोडावर सीलंट भरलेलं. ती लाटली की सीलंट तडकणार, तडकलं की पाणी, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. गंज आतून येतो, बाहेर फुगवटा दिसेपर्यंत खेळ संपलेला असतो. हे सगळं रविवारी सकाळी मागचं चाक काढून, टॉर्च घेऊन आत बघितलं तेव्हा समजलं आणि मी गुपचूप चाक परत लावलं.

आता कारागीर शोधणं. पहिला माणूस नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांपैकी, म्हणाला, त्याला काय टूल पाहिजे, लाकडी ठोकळा लावून हातोडीने बसवतो, पाचशे रुपये द्या. माझ्या एका मित्राने स्विफ्टला असंच ठोकून घेतलं होतं, आजही उन्हात त्याच्या कमानीवर पन्हाळीच्या पत्र्यासारख्या लाटा दिसतात. नको म्हणलं. दुसरा फोनवर १२,००० म्हणाला दोन चाकांचे, आणि प्रश्न एकही विचारला नाही, गाडी कुठली हेसुद्धा. तिसरा भोसरी एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, पत्र्याची शेड, बाहेर दोन खाली बसवलेल्या जुन्या होंडा सिटी उभ्या. २,५०० एका चाकाचे, दोन्हीचे ५,०००. ह्याला दिली.

ह्याचा रिव्ह्यू लिहायचा म्हणजे आधी शिव्या. दोन वेळा "उद्या या" झालं. तिसऱ्या वेळी नऊला बोलावलं, स्वतः अकराला आला, चहा प्यायला, मग अजून एक चहा. बिल मागितलं तर कार्ड दिलं. सीटवर प्लास्टिक नाही, स्टेअरिंगला ग्रीसचा पंजा. आणि चाक इम्पॅक्ट गनने असं आवळलं की घरी येऊन सोडवताना मला पान्ह्यावर उभं राहावं लागलं, मग १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने परत आवळले. अलॉय कुठेही लावून आणा, हे एक काम घरी येऊन कराच.

पण काम. काम बघत बसलो तीन तास आणि आपण काय काय केलं नाही त्याची यादीच मिळाली. त्याने आधी टूलला हातच लावला नाही. पेंट मोजायचं मीटर काढलं आणि चारही बाजूंनी फिरला. उजव्या फेंडरवर ११० मायक्रॉन, मागच्या दोन्हीवर १२० च्या आत, मग थांबून म्हणाला, "दादा, डावा पुढचा आत्ताच मारलाय ना? त्याच्या आधी पण एकदा मारलेला असणार." म्हणलं हो बाबा, माहितीये, लै महागात माहिती झालंय.

मग टायरच्या खांद्यावर खडू फासला, गॅरेजमधली चार पोरं गाडीत भरली, तीन मागच्या सीटवर आणि एक डिकीत, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ब्रेकरवरून तीनदा नेऊन आणली. डिकीतला पोरगा प्रत्येक वेळी आतून ओरडत होता. परत आल्यावर खडू कुठे पुसला आणि कडेवर कुठे लागला ते बघून मार्करने खुणा केल्या. तेव्हा कळलं की उजवीकडे जवळजवळ लागतच नाहीये, डावीकडेच लागतंय, कारण मागचा अॅक्सल मुळातच चार-पाच मिमी डावीकडे सरकलेला. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा), त्यात कॅम्बर बदलून चाक आत झुकवायची सोय नाही, त्यामुळे जे काही करायचं ते पत्र्यालाच. मी असतो तर दोन्ही बाजू सारख्याच लाटत बसलो असतो, समानता म्हणून.

तर त्याने उजवी कड नुसती थोडी झुकवली आणि डावी साधारण पंचेचाळीस अंशांवर थांबवली. मी म्हणलं पूर्ण सपाट करा ना, पैसे पूर्ण घेताय. म्हणाला, दुहेरी पत्रा आहे, पूर्ण दाबला तर वरचं पॅनल बाहेर फुगेल, तुम्हाला लागतंय तेवढंच काढतो. प्लेट बसवायला त्याच्याकडे आखूड बोल्ट होते, खास ह्याच गाड्यांसाठी, कारण मागे ड्रम ब्रेक आहेत आणि लांब बोल्ट आत गेला तर ड्रमच्या आतल्या भागांना लागू शकतो. माझे तीन-तीन वॉशर त्याला दाखवले नाहीत. हीट गन एका जागी धरलीच नाही, सतत हलवत होता, जसं काही पॅनलला वारा घालतोय, आणि दुसरा हात कायम पत्र्यावर बाहेरून ठेवलेला. लाट येते का ते त्या हाताला कळतं म्हणे. शेवटी तडकलेलं सीलंट खरवडून काढलं, प्रायमर, त्यावर नवीन पीयू सीलंट, वाळल्यावर आतून अंडरकोट. दुसऱ्या दिवसापर्यंत मागची चाकं धुवू नका म्हणाला. ह्या शेवटच्या पाऊण तासाचे पैसे आहेत खरे. पाचशे रुपयांवाल्याने हे केलं नसतं आणि खरं सांगायचं तर मीही केलं नसतं, माझ्याकडे सीलंटच नव्हतं.

हिशोब मांडू. माझे टूल ७,८००, हीट गन १,९००, वॉशर-बिशर दीडशे, डावा फेंडर रंगवला ४,५००, म्हणजे पुढच्या दोन चाकांना १४,३५०. त्याने चार चाकं १०,००० मध्ये केली असती. एकाच गाडीसाठी टूल घेणं म्हणजे एका लग्नासाठी घोडा विकत घेणं. पण नंतर ग्रुपमधल्या तीन जणांनी टूल नेलं, प्रत्येकी हजार दिले, दोन सिटी आणि एक सिव्हिक, फक्त पुढचे फेंडर, आणि आधी चुंबक लावून बघायचं ह्या अटीवर. तिघांच्याही गाड्यांना स्टड, अर्ध्या तासात प्लेट बसली आणि एकालाही तडा नाही. मला फोटो पाठवतात वर.

टूलला पाचपैकी तीन, प्लेट सुधारली तर चार. कारागिराला कामाचे पाच, वेळेचे शून्य, मधलं काय ते तुम्ही धरा.

एक बाजूची गोष्ट. कड मुडपलेली कुणाला दिसत नाही, पण गाडीत बदल ह्या विषयावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही करता येणार नाही असं सांगितलेलं आहे, त्यामुळे टायर कमानीच्या बाहेर डोकावणारे सेटअप रस्त्यावर दाखवत फिरू नका, आणि अलॉय बदललेत तर इन्शुरन्सवाल्याला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तो तुमच्यापेक्षा जास्त बारकाईने चाकं बघतो.

पावसाळा निघालाय एक. ताम्हिणीत पाच जण आणि डिकीत सामान भरून गेलो, खड्डे तुम्हाला माहितीच आहेत, मागून आवाज नाही. पूर्ण स्टेअरिंग फिरवून रिव्हर्स घेतलं की पुढचं लायनर अजून किंचित घासतं, पण तो टायर आणि प्लास्टिकचा मामला आहे, कड कितीही लाटा, त्याला उपयोग नाही. ऑक्टोबरमध्ये चाकं काढून सगळ्या कडा बघितल्या. मागचं सीलंट जसंच्या तसं. पुढे उजवीकडे, मी लाटलेल्या भागात आतून एका ठिकाणी तीळभर तांबूस ठिपका दिसला, बाहेरून पेंट शाबूत पण आतल्या बाजूला बारीक तडा गेला असणार जो मला त्या दिवशी दिसलाच नाही. घासून प्रायमर मारला, वरून अंडरकोट. भोसरीला फोन करून विचारलं कुठला मारू, तर म्हणाला, उद्या या.